रामलिंगमामांचे राहिलेले गृहपाठ

लातूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत रामलिंग सव्वीस वर्षं परिचर होते. काचेची भांडी धुवायची, द्रावणं तयार ठेवायची. पोरं त्यांना मामा म्हणत. जर्नल जमा करायचा शेवटचा दिवस म्हणजे मामांची करमणूक. व्हरांड्यात फतकल मारून पोरं एकमेकांच्या वह्या उतरवायची, तीही चुकांसकट. एकदा अकरा वह्यांत प्रयोगाची तारीख निघाली, एकतीस सप्टेंबर!

मृण्मयी त्या अकरांतलीच. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, रोज रेणापूरहून एसटीनं ये-जा करणारी. एके दुपारी तिनं मामांपुढं चार रंगांचं वेळापत्रक पसरलं.

"मामा, आता सुधारले बघा. पहाटे चारला उठणार."

मामांनी चष्मा चढवला. अभ्यास, योगासनं, अभ्यास, पुन्हा अभ्यास.

"बाई, यात जेवण कुठं हाय?"

मृण्मयीनं कागद उलटसुलट करून पाहिला.

"अन् एसटी? का कॉलेजच रेणापूरला न्यायलीस?"

मामांनी कागदाची घडी करून तिच्या हातात दिली. "ह्ये राहू दे. आठ दिवस खरंखुरं काय केलं, तेवढंच लिही. उगं थापा न्हाई."

आठ दिवसांनी ती आली ती मान खाली घालूनच. मोबाइल रोज अडीच तास. स्टँडवर गाडीची वाट बघणं पाऊण तास. जर्नल, आठवड्यात मिळून चौदा मिनिटं. त्यातली सहा पेन शोधण्यात.

मामा रागावले नाहीत. "प्रयोग तीनला संपतो, गाडी सव्वाचारला. मधी काय करून राहिलीस?"

"चहा पिऊन राहिले."

"पी की. मग हितं येऊन बस. आकडे डोक्यात ताजे हायेत तवरच लिहून टाक. घरी नेलेली वही दप्तरातच झोपती."

सरांची परवानगी काढून मामांनी प्रयोगशाळा तासभर जास्त उघडी ठेवली. आधी मृण्मयी एकटीच होती. महिन्याभरात नऊजण झाले. श्रीनाथ तर निव्वळ पंख्याच्या वाऱ्याला यायचा. बसल्या बसल्या त्याचंही जर्नल पूर्ण झालं. कुणी मोठ्या प्रकल्पाला घाबरलं की मामा म्हणायचे, "भाकर मोडूनच खावी लागती. आज एक तुकडा."

एक दिवस मामांचा विसरलेला डबा घेऊन त्यांची बायको इंदूबाई आली. मामा हात मागं बांधून उपदेश करत फिरत होते. दारातूनच ती म्हणाली, "आवं, पोरांला लई शिकवून राहिलेत! अन् तुमचे गृहपाठ? दोन वर्षं झाली, कपाटात पडलेत."

मामांचे कान तापले. मुक्त विद्यापीठातून ते बी.ए. करत होते, शेवटच्या वर्षाचे चार गृहपाठ राहिले होते. नापास झालो तर हसं होईल म्हणून कॉलेजात कुणाला सांगितलंच नव्हतं.

मृण्मयीनं कोरा कागद पुढं केला. "मामा, आठ दिवस खरंखुरं काय केलं ते लिहा. उगं थापा न्हाई."

सगळे खो खो हसले. मामांनी मुकाट लिहिलं. वीरण्णाच्या पानटपरीवर गप्पा, रोज सव्वा तास. गृहपाठ, शून्य.

पुढच्या सोमवारपासून मामा शेवटच्या बाकावर पुस्तक घेऊन बसू लागले. नळी धुवायच्या निमित्तानं उठले की नऊ आवाज एकदम येत, "मामा, बसा!" इतिहासाच्या गृहपाठानं घाम काढला, पण चारही गृहपाठ मुदतीच्या चार दिवस आधी जमा झाले.

मामांनी परीक्षा दिली, उन्हाळ्यात बी.ए.चा निकाल लागला. चोपन्न टक्के. मृण्मयी पेढे घेऊन मामांच्या घरी गेली. मामांनी पेढा तोंडात टाकला आणि बोलायच्या आतच डोळे पुसले.

इंदूबाईनं तिला हळूच स्वयंपाकघरात बोलावलं. ती स्वतः नववीतून घरी बसलेली.

"पोरी," ती कुजबुजली, "दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म कुठं मिळतो गं? ह्यांला सांगू नको, लगेच आठ दिवसांचा हिशेब मागतील."