शोभाचे चार दिवस

आर्या, निहार, तुमची छोटी आजी शोभा गेली, हे तुम्हाला फोनवर कळलं. तिची एक गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. जिच्यासाठी लपवली तीच आता नाही... म्हणून लिहिते.

शोभा माझी धाकटी जाऊ. लेक वैशाली झाली तेव्हा शोभाचं रक्त थांबेना. आमच्या डोंगरकडा गावाहून जीपने शहरातल्या दवाखान्यात नेलं. भाऊजी रक्ताच्या बाटलीसाठी धावत होते, म्हणून डॉक्टरांनी इंग्रजी कागद माझ्यापुढे धरला. पिशवी काढली नाही तर बाई हाती लागणार नाही, म्हणाले. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि सही केली. शोभा बावीस वर्षांची होती.

घरी सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, पुढच्या खेपेला पोरगं. भाऊजी मला म्हणाले, "मायला सांगू नका वहिनी. ती दुसरी करून आणंल, अन् माझं काई चालणार न्हाई."

पोटावरची शिवण सिझरची म्हणून खपली. पुढची युक्ती माझी. शोभाने दर महिन्याला चार दिवस बाजूला बसायचं, म्हणजे संशय येणार नाही. कॅलेंडरवर ठिपके देऊन तारखा मी सांभाळल्या. खरं वाटावं म्हणून कधी दोन दिवस मागेपुढे. वाटलं होतं, पाचसहा महिन्यांत सासूबाई निवळतील. अकरा वर्षं गेली. शेळ्यांच्या गोठ्याशेजारची खोली, वेगळं ताट, वेगळी वाकळ... सासूबाई औंढ्याच्या देवाला नातवासाठी नवस बोलत राहिल्या. उंबऱ्याबाहेर वैशाली "माय, घे ना" म्हणून रडायची आणि त्या तिला ओढून न्यायच्या. एकदा मी म्हटलं, सांगून टाकू. शोभा हसली.

"आता सांगितलं तं दोघींलाबी हाकलतील. सही तुमची हाय ना, जाऊबाई."

सासूबाई गेल्या, त्याच महिन्यात ती पुन्हा त्या खोलीत जाऊन बसली. आता कशाला, म्हणून मी विचारलं. इथं कोणी काम सांगत न्हाई, म्हणाली.

शोभाच्या तेराव्यानंतर मी वैशालीला सगळं सांगितलं. हट्टा गावातल्या शाळेत शिकवते ती, दोन लेकरांची आई. ऐकून म्हणाली, "मोठी आई, विटाळ नव्हताच, तर कोणी बघत नसताना तरी तिनं मला घ्यायचं होतं."

सासूबाई नाहीत, भाऊजी नाहीत, शोभाही नाही. वैशाली आहे, आणि जाब विचारायला तिला एकटी मी उरले आहे.