कुणी कॉफी चाखली नाही

थुंकीचे पेले धुवायचं काम माझ्याकडे होतं. ते माझ्याकडे कसं आलं, विचारू नका. मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कुणी केलं नसतं, एवढंच.

तर त्या दिवशी मी नळाखाली पेले रिकामे करत होते. पहिल्यात स्वच्छ पाणी. दुसऱ्यात स्वच्छ पाणी. तिसऱ्यातही तेच. सातपैकी सहा पेल्यांत नितळ पाणी होतं. तपकिरी थुंकी एकाच पेल्यात. तो माझा.

मी नळ बंद केला आणि तिथेच उभी राहिले.

काय झालं होतं, ते सांगते. नव्वदीची सुरुवात होती. मी बडोद्याला अन्नशास्त्रात पीएचडी करत होते. नवनव्या कंपन्यांच्या कॉफीच्या बाटल्या दुकानांत यायला लागल्या होत्या आणि बऱ्याच कॉफींमध्ये चिकोरी मिसळलेली असायची. चिकोरी म्हणजे एक मूळ. आमच्याकडे आणंदच्या बाजूला पिकतं. भाजून दळलं की कॉफीसारखं दिसतं आणि स्वस्तात पडतं. आमच्या संशोधनाचा प्रश्न साधा होता. कॉफीत किती चिकोरी घातली की जिभेला कळतं?

चाखायची पद्धत सरांनी, म्हणजे माझ्या पीएचडीच्या गाइडनी, बेंगळुरूला जाऊन शिकून आणली होती. गोल टेबल. प्रत्येक नमुन्याचा सगळ्यांत मिळून एकच कप. प्रत्येकाने आपला चमचा त्याच कपात बुडवायचा, सुर्रर्र आवाज करत घोट ओढायचा, जिभेवर घोळवायचा आणि आपल्या पेल्यात थुंकायचा. मग चमचा गरम पाण्याच्या ग्लासात विसळून पुढच्या कपाकडे. "जगभर असंच करतात," सर म्हणाले होते. "उष्टं-बिष्टं इथे आणायचं नाही. विज्ञानाला जात नसते."

सर दांडिया बाजारातले, म्हणजे बडोद्याच्या जुन्या मराठी वस्तीतले. त्यांचे आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. सरांचं मराठी ऐकत राहावं असं. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. मी बाजव्याची. माझे बाबा रिफायनरीत पाइपांना रंग द्यायचे. सरांनी मला पीएचडीला घेतलं, तेव्हा बाबांनी आख्ख्या चाळीला पेढे वाटले होते.

त्या चाखायच्या दिवसाच्या आठवडाभर आधी बोर्डावर स्कॉलरशिपची नावं लागली. माझ्या नावापुढे कंसात जात. तोवर आम्ही सगळे एकत्र डबे उघडायचो. त्यानंतर एकेकाला एकदम वेगवेगळ्या वेळी भूक लागायला लागली. गंमतच आहे की नाही?

चाखायच्या दिवशी सर मला म्हणाले, "तू सुरू कर." त्यांच्या मनात काही नव्हतं. फोन आला म्हणून ते केबिनमध्ये गेले. मी एकेका कपात चमचा बुडवला. कडू, जास्त कडू, जळकट, गोडसर. त्या दिवशी टेबलावर निम्म्याहून जास्त चिकोरीचे कप होते आणि ते मला लगेच ओळखू आले. मी मार्क लिहिले आणि बाजूला झाले.

पुढचा नंबर ताईंचा. ताई म्हणजे सरांची पुतणी. आमच्यात सगळ्यांत सीनियर, आणि मला वाटायचं सगळ्यांत प्रेमळ. त्यांचा चमचा कपावर आला आणि थांबला. मग तो बाजूला सरकला, गरम पाण्याच्या ग्लासात गेला, पाण्याने भरून वर आला. सुर्रर्र. मोठ्यांदा. थुंकल्या. मार्क लिहिले. पुढचा कप. परत चमचा पाण्यात. परत सुर्रर्र.

मी बघत होते आणि मला कळत नव्हतं. वाटलं, चमचा विसळत असतील.

त्यांच्यामागे एक पटेलभाई होते. त्यांनी ताईंच्या हाताकडे बघितलं आणि तसंच केलं. त्यांच्यामागच्या मुलीनेही तेच केलं. कुणी कुणाला खूण केली नाही, कुणी हसलं नाही. सहा शिकलेली माणसं टेबलाभोवती फिरत गरम पाणी ओढत होती आणि कॉफीचे मार्क लिहीत होती. मी बुडवलेल्या कपातला थेंबही त्यांनी तोंडात घेतला नाही.

पेले धुऊन मी तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, कुणी कॉफी चाखली नाही."

"म्हणजे?"

"नुसतं पाणी ओढलं. पेले मी धुतले, सर. पाणी स्वच्छ होतं."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांना कळलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. मला वाटलं, आता उठतील. आता बाहेर जाऊन झापतील सगळ्यांना.

"हे बघ," ते हळू आवाजात म्हणाले, "प्रत्येकाचे काही संस्कार असतात. एका दिवसात जात नाहीत. पुढच्या वेळेपासून तू शेवटी चाखत जा. म्हणजे प्रश्नच नाही."

"आणि आजचे मार्क?"

"ते राहू देत. छान आलेत."

मी "बरं सर" म्हणाले. डिग्री त्यांच्या हातात होती. बाबांचे पेढे वाटून झाले होते. काय करणार होते मी?

पुढे वर्षभर मी शेवटी चाखलं. सगळ्यांचं उष्टं. ते मला चालायचं, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

सरांचा लेख परदेशी जर्नलमध्ये छापून आला. निष्कर्ष काय, तर निम्म्याहून जास्त चिकोरी घातली तरी चाखणाऱ्याला फरक कळत नाही. जास्त चिकोरीचे कप त्या एकाच दिवशी होते. कळणार कसा? पाण्याला वेगवेगळे मार्क देणार तरी कसे? माझं नाव शेवटी, आभारात. तो लेख मला वाचायलाही मिळाला नाही. आमच्या लायब्ररीत ते जर्नल येत नव्हतं आणि एकेका लेखाला डॉलर मोजायचे होते. म्हणजे बघा, आत काय भानगड आहे ते कुलपात, आणि निष्कर्ष मात्र गावभर. पाकिटं भरणारे खूश. शास्त्राने सांगितलंय, घाला चिकोरी!

मला डिग्री मिळाली त्या दिवशी बाबांनी बाजव्याच्या दुकानातून कॉफीचं पाकीट आणलं. आमच्या घरात पहिल्यांदा कॉफी झाली. बाबा बशीत ओतून प्यायला बसले.

"बाई, हीच का गं तुझी कॉफी?"

ती कॉफी नव्हतीच. नुसती चिकोरी. मी सांगणार होते. तेवढ्यात बाबांनी बशी तोंडाला लावली आणि सुर्रर्र आवाज झाला. मी उठून बाहेर गेले. बाबा आतून विचारत होते, काय झालं, काय झालं.

तेव्हापासून तो आवाज माझ्या मागे लागला तो लागलाच. बडोद्यात कुठे जाल? स्टेशनवर, चहाच्या लारीवर, लग्नात, मयतीच्या घरात, सगळीकडे माणसं बशीतून चहा ओढतात. मी स्टाफरूममध्ये बसायचं सोडलं. नवऱ्याला बशी हातात घेऊ दिली नाही. तो बिचारा विचारायचा, "का पण?" काय सांगू? की सहा माणसं माझ्या डोक्यात अजून टेबलाभोवती फिरतायत? डोळे मिटले की ताईंचा चमचा कपावर येऊन थांबायचा. दर वेळी मला वाटायचं, या वेळी बुडेल. दर वेळी तो बाजूला सरकायचा.

बाबा गेले. मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही, मी त्या दिवशी का उठले ते.

मी कॉलेजात शिकवायला लागले, तरसालीत घर घेतलं. दहा-बारा वर्षं गेली. आणि एक दिवस माझीच विद्यार्थिनी एका पुस्तकातलं वाक्य घेऊन आली. "मॅडम, निम्मी चिकोरी असली तरी कळत नाही म्हणे. संशोधन झालंय." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "डोंबलाचं संशोधन! चल, आपण परत करू."

आम्ही परत केलं. तीच पद्धत, तेच गोल टेबल, एकेकच कप. कॉलनीतल्या बायका चाखायला आल्या. सुरू करण्याआधी मी उभी राहिले आणि माझी जात सांगितली. गुजरातीत सांगितली, सगळ्यांना कळावं म्हणून. "पहिला चमचा मी बुडवणार आहे. ज्यांना चालत नसेल त्यांनी आत्ताच जावं. खोटं चाखू नये." दोघी उठून गेल्या. एक म्हणाली, "बेन, खोटुं ना लगाडता," आणि निघाली. वाईट वाटून घेऊ नका म्हणे! बाकीच्या थांबल्या आणि त्यांनी चाखलं. पेले मी स्वतः तपासले. सगळे तपकिरी. थोड्याशा चिकोरीलाही बायका तोंड वाकडं करत होत्या.

तोवर इंटरनेट आलं होतं. ओपन अ‍ॅक्सेस नावाची जर्नल निघाली होती. म्हणजे कुलूप नाही. लेख जगात कुणीही उघडावा, फुकट वाचावा. मी लेख तिथे पाठवला. प्रयोग कसा केला ते सांगायच्या भागात लिहिलं: पूर्वीच्या अभ्यासात पहिल्या दिवशी सातपैकी सहा परीक्षकांनी कॉफी चाखली नाही, कारण पहिला चमचा दलित विद्यार्थिनीने बुडवला होता. ती विद्यार्थिनी म्हणजे प्रस्तुत लेखिका.

एवढंच. कुणाचं नाव नाही. त्या दोघी उठून गेल्या, तेही लिहिलं.

संपादकांनी रीतीप्रमाणे तो लेख सरांकडे उत्तरासाठी धाडला. सरांचा फोन आला. "घरी ये, बेटा."

मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या दांडिया बाजारातल्या घरी गेले. सर थकले होते. ताईच त्यांचं सगळं करत होत्या. ताईंनी कॉफी आणली, जायफळ घातलेली, चांगल्यातल्या कपात. तिघांना सारखेच कप. माझ्याकडे बघून हसल्या. मी कप हातात घेतला नाही.

सर म्हणाले, "तुझे आकडे बरोबर आहेत. माझे चुकले. मी तसं लेखी देतो."

खोटं कशाला बोलू? बारा वर्षं मी याचीच वाट बघत होते.

"फक्त ते एक वाक्य काढ," ते म्हणाले. "पद्धतीत त्रुटी राहिली, असं लिही. मी सही करतो. काढलं नाहीस, तर मी काही मान्य करणार नाही. संपादक तुझं एकटीचं ऐकतील का?"

"त्रुटी कसली, सर?"

"आपल्याला दोघांनाही माहीत आहे कसली. जगाला कशाला? ते जर्नल कुणीही उघडतं. माझी नातवंडं उघडतील." त्यांचे डोळे भरून आले. "तुला दुसऱ्या कुणी पीएचडीला घेतलंही नसतं गं."

खरं होतं ते. तेच त्यांनी पुढे केलं. माझ्या अंगाची आग आग झाली. म्हणजे दार उघडलं त्याचं भाडं मी जन्मभर भरायचं? मला शेवटी उभं केलं ते यांचे संस्कार, आणि मी ते लिहिलं की कृतघ्नपणा?

ताई म्हणाल्या, "अगं, आता कोण पाळतं ते? कॉफी घे ना. निवतेय."

मी उठले. "सर, चिकोरी किती ते लिहिलेलं तुम्हाला चालतं. ती कुणाला का कळली नाही, ते लिहिलेलं चालत नाही. कारण काढलं तर माझाही लेख खोटा होईल. वाक्य राहणार. तुम्ही सही करा, नाहीतर नका करू."

त्यांनी सही केली नाही. असं काही घडलंच नाही, असं संपादकांना कळवलं. संपादकांनी मला विचारलं, पुरावा काय? मी लिहिलं, पुरावा मी आहे, जबाबदारी माझी, खाली माझं पूर्ण नाव छापा. चार महिने जीव टांगणीला. मग लेख आला. त्या वाक्यासकट, आणि खाली सरांचा नकार.

त्यानंतर सरांच्या डिपार्टमेंटने मला कधी बोलावलं नाही. सर दुसऱ्या वर्षी गेले. लोक म्हणाले, हिने म्हाताऱ्याला खाल्लं. ते ऐकून मी आतून तुटले. सर अजूनही येतात डोक्यात, त्या टेबलाशी. आता ते केबिनमध्ये जात नाहीत. उभे राहून बघत असतात.

तेराव्यानंतर ताईंचा फोन आला. रडत होत्या. "माणूस गेला. आता तरी ते काढ. तुला काढता येईल ना?"

"येईल," मी म्हणाले. "अर्ज केला तर काढतील."

"मग?"

"मी अर्ज करणार नाही, ताई. सर गेले. उद्या तुम्ही जाल, मी जाईन. ते वाक्य कुठेही जाणार नाही."