डावखुऱ्या हाताची पत्री

आधीच सांगतो — भूत, जिन, करणी, नजर यातलं काहीही मी मानत नाही. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून आजवर मी हसत आलोय, दोन-चार ठिकाणी खवचट कमेंटही टाकल्यात. तेव्हा आता माझ्यावर हसायचं असेल तर खुशाल हसा. फक्त खाली "वडिलांचा आशीर्वाद हो" असं कुणी लिहू नका. त्या वाक्यानं डोकं फिरतं माझं.

मी जुन्नरचा. आमचं घराणं नालबंदाचं. रस्त्यानं चालून बैलाचे खूर झिजू नयेत म्हणून खाली लोखंडी पत्र्या ठोकतात ना, ते काम. अब्बा दर आठवड्याला बेल्ह्याच्या बैलबाजारात एका लिंबाखाली पेटी घेऊन बसायचे. डावखुरे होते. घरात आम्ही हिंदी बोलतो, पण बैलाशी अब्बा मराठीतच बोलायचे. म्हणायचे, "बैलाला हिंदी कळत नाही." लंगडणारा बैल आला की दोर लावायच्या आधी त्याच्या मानेवर हात ठेवून विचारायचे, "काय झालं राजा? कुठं दुखतंय?" आणि खरंच थांबायचे, जसा काही तो आता सांगणारच आहे! मला मात्र हा प्रश्न त्यांनी आयुष्यात कधी विचारला नाही. मी पडलो, हात मोडला, नापास झालो... "मर्द बन" एवढंच. दोन वर्षांपूर्वी अब्बा हार्ट अटॅकनं गेले.

यंदा माझी सैन्यात निवड झाली. मेडिकलला दात, कान, गुडघे, सगळं तपासलं. तेव्हा मी ठणठणीत होतो. निकाल लागला, चौकात माझा फ्लेक्स लागला, मामूंनी डीजे आणला. आणि त्यानंतर काही दिवसांत मला अंथरुणातून उठवेना.

कारण विचारू नका. कारण असतं तर त्याच्याशी भांडलो असतो. पहाटे ग्राउंडला पळायला जाणारा मी, बुटाची नाडी हातात धरून तासभर बसून राहायचो. जेवण मातीसारखं लागायचं. मित्र फोन करायचे, मी उचलायचो नाही. मामूंना एकदा धीर करून म्हणालो, "मला बरं वाटत नाही." तर म्हणाले, "फौजीला कसलं आलंय टेन्शन? अख्खा चौक तुला नावानं ओळखतो आता, नाक कापू नकोस." भरतीची तयारी करून घेणारे सर म्हणाले, "लोक निवडीसाठी रडतात आणि तू निवड झाल्यावर रडतोस? नाटकं बंद कर." शेजारच्या काकूंनी सांगितलं नजर लागली. झालं! तावीज बांधायला तीन माणसं जमली. डॉक्टरकडे न्यायला एक नाही. अम्मी दारात उभी राहून बघायची आणि ताट ठेवून जायची. सगळे मला बघत होते राव, आणि एकालाही मी दिसत नव्हतो.

जॉइनिंग जवळ आलं तेव्हा मामूंनी अब्बांची पेटी बेल्ह्याच्या दुसऱ्या एका नालबंदाला द्यायचं ठरवलं. मी चाललोय, मागे वापरणार कोण? पेटी पोचवायला मलाच पाठवलं. मी मोटरसायकलला ती बांधली आणि निघालो. त्या दिवशी घरी परत यायचं नाही, हे मनात पक्कं झालं होतं. यापेक्षा जास्त लिहीत नाही. समजून घ्या.

बाजार उठत आला होता. भर दुपार. टेम्पोत बैल चढवणं चाललं होतं, धूळ, आरडाओरड. तो नालबंद जेवायला गेलेला. म्हणून मी अब्बांच्या लिंबाखाली पेटी ठेवून बसलो.

तेवढ्यात एक म्हातारा आला. मळकं धोतर, हातात कासरा, मागे पांढरा खिलार बैल, मागचा पाय उचलून धरलेला.

"पावणं, बैल पाय टेकंना. बघता का जरा?"

"मी नालबंद नाही. दुसरीकडं जा."

"पेटी तर तुमच्याम्होरं हाय."

"हाय, पण मी नाय!" मी खेकसलोच. म्हातारा हलला नाही. आणि तो बैल — बैल पाडायला दोन माणसं आणि दोर लागतो हो — तो आपण होऊन खाली बसला, पाय माझ्याकडं करून.

आता काय करणार? लहानपणापासून अब्बांचं बघून काम तेवढं येत होतं. पेटी उघडली. पत्री एका अंगानं उचकटली होती, आत खडा घुसून बसला होता. पकडीनं पत्री काढली आणि हातातच राहिली माझ्या. खिळे उलट्या अंगाला झुकलेले. डाव्या हातानं ठोकले की जातात तसे. कडेला छिन्नीची बारीक खाच, अब्बा स्वतः घडवलेल्या प्रत्येक पत्रीवर मारायचे ती. रस्त्यावरच्या बैलाची पत्री दीड-दोन महिन्यांत झिजून जाते. ही जेमतेम घासली होती.

"कुणी मारली ही?"

"तुमच्याच वडलांनी. मागल्या म्हयन्यात."

"त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, बाबा."

म्हातारा चकित वगैरे काही झाला नाही. "आसंल," म्हणाला. "मला म्हनले, ढिली झाली तर पोराकडं जा. पन पोराला आधी इचार म्हनले."

"काय विचारायचं?"

त्यानं माझ्या मानेवर हात ठेवला. "काय झालं राजा? कुठं दुखतंय?"

मी काय सांगू तुम्हाला... मला रडू नाही आलं. माझं टाळकं सटकलं. मी त्याला वाट्टेल तसं बोललो. अब्बांना बोललो. बैलाला विचारायला वेळ होता आणि मला नव्हता? मामूंना, सरांना, त्या फ्लेक्सला, सगळ्यांना शिव्या घातल्या. आणि शिव्या घालता घालता छातीत काय होतं, सकाळ का नको वाटते, त्या दिवशी मी काय ठरवून आलो होतो, सगळं तोंडातून बाहेर पडलं. म्हातारा कासरा धरून ऐकत होता. माझे हात मात्र चाललेच होते. खडा काढला, खूर साफ केला, पेटीतली नवी पत्री बसवली. शेवटचा खिळा ठोकून हातोडी पेटीत ठेवायला वळलो. परत बघतो तर कुणी नाही.

समोरच्या चहावाल्याकडं धावलो. तो म्हणाला, "कुनाशी वो भांडत व्हता मगाधरनं?"

"त्या म्हाताऱ्याशी."

"कोन म्हातारा? बैल व्हता निसता. तुमी बैलाला शिव्या देत व्हता. म्हनलं नालबंदाचं पोरगं, आसंल काईतरी रीत त्यांच्यात."

"आणि बैल कुठं गेला?"

"गेला की त्या अंगाला. चांगला चालत गेला."

पत्री खिशात घालून, पेटी परत मोटरसायकलला बांधून मी घरी आलो. हो, घरीच आलो. अम्मीसमोर ठेवली. तिनं ती उलटीपालटी केली, खाचेवरून बोट फिरवलं आणि खालीच बसली. मी म्हणालो, "अम्मी, मी ठीक नाही. खूप दिवस ठीक नाही." तिनं पत्री बाजूला ठेवली. मग माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "कहाँ दुखता रे तेरेकू?"

दुसऱ्या दिवशी ती स्वतः मला नारायणगावला डॉक्टरकडे घेऊन गेली. मामू आडवे आले तर त्यांना असं झापलं की ते अजून आमच्याकडं चहाला आलेले नाहीत. डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून सांगितलं, उपचार चालू झाले. फ्लेक्स मी स्वतः उतरवला, सध्या तो शेळ्यांच्या गोठ्यावर आहे. ट्रेनिंगला जायचं की नाही ते मी आणि डॉक्टर ठरवू. जायची इच्छा आहे माझी. पण जाईन तर खरं सांगून जाईन, नाही जमलं तर तेही तोंड वर करून सांगेन.

पत्रीचं म्हणाल तर सगळं करून पाहिलं. बेल्ह्यात, आसपास, दुसरा डावखुरा नालबंद कुणाला माहीत नाही. पेटी अब्बा गेल्यापासून आमच्याच घरात कुलपात होती. तसला बैल कुणाचा, कुणाला सांगता येत नाही. मला भास झाला म्हणावं, तर चहावाल्यानं बैल बघितला आणि पत्री समोर टेबलावर आहे. आणि अब्बा आले म्हणावं, तर माझा राग अजून गेलेला नाही. जिवंतपणी रोज एकाच घरात झोपत होतो ना आपण, अब्बा! तेव्हा विचारायचं होतंत.

आता रोज सकाळी चहाचा कप हातात देताना अम्मी विचारते, "आज कहाँ?" मी सांगतो. कधी छातीत, कधी डोक्यात. काल म्हणालो, कुठंच नाही. पत्री कुठून आली, ते मात्र मला आजही माहीत नाही.