विशाखाबाईंचं एक पान

हदगावच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून असलेल्या विशाखाबाईंना दोन वर्षांपूर्वी, भर दुपारी, जागेवर बसल्या बसल्याच अर्धांगवायूचा झटका आला. नांदेडला वेळेत नेलं, म्हणून वाचल्या. हात महिन्याभरात सुधारला, पाय दोन महिन्यांत. वाचा मात्र बिघडली ती बिघडलीच. शब्द डोक्यात लख्ख असायचा, जिभेवर यायला मिनिट लागायचं, आणि आलाच तर बोबडा.

कचेरीचं कसंतरी निभलं. कागदांशी बोलावं लागत नाही. पण वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, दरवर्षी तोच धम्मग्रंथ, आणि एकोणीस वर्षं ते विशाखाबाईंनी केलं होतं. वीज गेली, माईक बंद पडला, तरी त्यांचा आवाज चपला काढायच्या जागेपर्यंत पोहोचायचा. झटका आला त्या वर्षी विहार समितीच्या सचिवानं, प्रीतमनं, वाचून घेतलं.

पुढच्या वर्षी पौर्णिमेला पंधरा दिवस असताना प्रीतम घरी आला. पहिल्याच दिवशी ताईंचा सत्कार ठेवलाय म्हणाला, शाल आणि पुष्पगुच्छ, एकोणीस वर्षांच्या सेवेबद्दल. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण शाल घालून माणसाला जागेवरून उठवायची ही पद्धत आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही? विशाखाबाईंनी तोंड उघडलं.

"मला..."

"चालंल की तिला," त्यांचे यजमान आनंदराज म्हणाले.

आनंदराज प्रेमळ माणूस, आणि तीच तर पंचाईत. वर्षभर ते बायकोचं प्रत्येक वाक्य पुरं करत आले होते. मुलगी फोनवर तेच करायची, भाजीवालीही तेच. निम्म्या वेळा वाक्य भलतंच पुरं व्हायचं. मग विशाखाबाई नुसती मान हलवून मोकळ्या व्हायच्या. लोकांना वाटलं, आजारपणानं बाई अबोल झाल्या. कशाच्या अबोल! बोलायला कुणी जागाच ठेवत नव्हतं.

सासूबाई, नागुबाई, भिंतीशी शेंगा फोडत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं, अक्षरओळख नाही.

"तिला बोलू दे की," त्या लेकाला म्हणाल्या. "तुझं तोंड काय तिनं भाड्यानं घेतलंय?"

आणि हातातली शेंग तशीच धरून सुनेकडं बघत राहिल्या. प्रीतमनं घड्याळ पाहिलं. आनंदराजांनी ओठ घट्ट मिटले. बराच वेळ गेला.

"मला वाचायचंय," विशाखाबाई म्हणाल्या. "श... शाल नको."

प्रीतम गडबडला. ग्रंथ वेळेत संपणार नाही, लोक कंटाळतील, तुम्हालाच त्रास होईल, असं सगळं सांगून पाहिलं. नागुबाईंनी त्याला शेंगा खाऊ घातल्या आणि वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला सासू समोर, सून पुस्तक घेऊन. नागुबाईंनी पन्नासेक पावसाळे हे वाचन ऐकलेलं. कुठल्या शब्दानंतर कुठला येतो ते त्यांना पाठ. सून अडली की त्या म्हणायच्या, "मला ठावं हाय, पन सांगनार न्हाई. तूच काढ." विशाखाबाई चिडल्या, एकदा पुस्तक मिटून उठून गेल्या, एकदा रडल्या. सासूनं समजूत वगैरे काही घातली नाही. रडणं झाल्यावर तीच ओळ पुन्हा वाचायला लावली.

पौर्णिमेला विहार भरला. पांढऱ्या साड्यांच्या ओळी बसल्या, त्रिशरण-पंचशील झालं. विशाखाबाईंनी पान उघडलं. दोन ओळी गेल्या. तिसरीत शब्द अडला.

पुढं बसलेल्या साखराबाईंनी तो चटकन सांगितला. सगळ्यांनाच पाठ! मागच्या दहा-बाराजणींनी उरलेलं वाक्य एका सुरात म्हणून टाकलं. बायांना वाटलं, मदत केली. विशाखाबाईंचे डोळे भरले आणि हात पुस्तक मिटायला लागला. प्रीतम उठायच्या बेतात होता. आता मिटलं असतं तर पुस्तक परत हाती आलं नसतं, हे त्यांना कळत होतं.

त्यांनी दुसऱ्या हाताचा पंजा वर केला.

"थांबा." मग पुढचं यायला वेळ लागला. "शब्द म... मला माहीत आहे. मी काढते. तुम्ही ऐका."

आणि पहिल्या ओळीपासून परत सुरुवात केली. साखराबाईंनी तोंडावर पदर दाबून धरला, नाहीतर शब्द निसटलाच असता त्यांच्याकडून. एका पानाला चाळीस मिनिटं लागली. दोघं-तिघं मधेच उठून गेले. पुढची पानं प्रीतमनं वाचली.

तसंच ठरलं मग. रोज एक पान बाईंचं, बाकी प्रीतमचं. भाद्रपदात बाईंची दोन पानं झाली. आश्विन पौर्णिमा आली तेव्हा ग्रंथाची अकरा पानं शिल्लक होती. असं त्या विहारात कधी झालं नव्हतं. आज बसून भरभर संपवतो, प्रीतम म्हणाला.

"घाई कुनाला हाय?" साखराबाई म्हणाल्या. "उद्या येतो की."

उद्या आले, परवा आले, सहा संध्याकाळी आले. ती अकराही पानं बाईंनीच वाचली. शेवटच्या पानावर दोनदा अडल्या. कुणी हललं नाही.

घरी परतताना आनंदराजांनी विचारलं, "दमलीस का गं?" रसवंती मागं पडली, कोपरा ओलांडला, तोवर ते मुकाट्यानं चालत राहिले.

"दमले," विशाखाबाई म्हणाल्या. "भात तु... तुम्ही लावा."