बिनकाजाचा शर्ट

शिंपीमास्तरांचं डोकं ठिकाणावर नाही, हे गल्लीला कळलं ते हेडक्लार्कच्या शर्टामुळे. मास्तरांनी शर्ट शिवला, इस्त्री केली, घडी घालून दिला. त्याला ना काज, ना बटण. हेडक्लार्क दोन्ही हातांनी शर्ट छातीशी धरून दुकानात आले, तर मास्तर शांतपणे म्हणाले, "फिटिंग बरोबर आहे."

यात त्यांचा तरी काय दोष? उभ्या आयुष्यात त्यांचं काम मशीनपाशी संपलं. काज-बटण बायकोचं. ती खिडकीपाशी स्टुलावर बसून काजं करायची आणि गाठ मारली की दोरा दातानं तोडायची. मास्तर दरवेळी खेकसायचे, "कात्री काय शोभेला ठेवलीय?" ती गेली तेव्हा ते रडले नाहीत. पाहुणे पांगले तसे मशीनवर बसले. लोक म्हणाले, धीराचा माणूस. धीर कसला! आत नुसता ठणठणाट होता.

हेडक्लार्क शर्ट तिथंच टाकून गेल्यावर मुलीनं शटर ओढलं.

"बाबा, तुम्ही जरा कुठंतरी जाऊन या. लग्नाआधी डोंगर चढायचा नाद होता ना तुम्हाला? आई सांगायची."

"आणि दुकान?"

"आल्यावरही हे असंच राहिलं, तर बंद करू."

मास्तर एकटेच निघाले. डोंगराच्या धारेवरून जाणारी लांबलचक पायवाट, पाठीवर जुनी सॅक. चाललं की मन हलकं होतं म्हणतात. मास्तरांच्या टाचेला फोड आले, मन जिथल्या तिथं. सूर्योदय पाहिला. बरा होता. एका ओढ्याकाठी बसून मुद्दाम बायकोला आठवून पाहिलं, तर मशीनला तेल घालायचं राहिलंय, एवढंच आठवलं. एक मात्र झालं. तिथं "कसे आहात?" विचारणारं कुणी नव्हतं, त्यामुळे "बरा आहे" म्हणायचे कष्ट वाचले.

पुढे एका खिंडीत, भर वाऱ्यात, जॅकेटचं बटण तुटून हातात आलं. मास्तर दगडाच्या आडोशाला बसले. सुई-दोरा सॅकमध्ये होताच, शिंपीच तो. बटण लावलं, गाठ मारली आणि कात्री चाचपली. ती घरी राहिली होती. शेवटी त्यांनी दोरा दातानं तोडला.

जिभेवर दोऱ्याची चव राहिली. ही चव तिच्या तोंडात रोज असणार, हे इतक्या वर्षांत कधी मनातही आलं नव्हतं. आता रडू येईल म्हणून ते थांबले. आलं नाही. पण कुठंतरी बारीकसं टोचलं, आणि ते त्यांना हवंसं वाटलं. वारा पडला तरी ते तिथंच बसून राहिले.

परतल्यावर मास्तर मशीनकडे गेलेच नाहीत. हेडक्लार्कचा शर्ट घेऊन खिडकीपाशी स्टुलावर बसले. पहिलं काज वाकडं आलं. दुसरं जरा बरं. गाठ मारून त्यांनी दोरा दाताखाली धरला, तेवढ्यात मुलगी आत आली.

"अहो बाबा, कात्री काय शोभेला ठेवलीय?" ती सहज बोलून गेली.

मास्तरांच्या दातांतला दोरा तसाच राहिला आणि ते हमसून हमसून रडायला लागले. मुलगी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. शर्ट भिजला. पुन्हा इस्त्री करावी लागणार होती.