डाव्या हाताचा चाटू

आमच्या घरातला जुना चाटू पिठलं घोटताना मोडला. दांडा माझ्या हातात राहिला आणि पुढचा भाग भगुण्यात. तीर्थपुरीच्या बाजारात दुसरा सहज मिळाला असता, पण मला तसला नको होता. बाजारातल्या लाकडी चाटूचं टोक एका बाजूला तिरकं कापलेलं असतं, म्हणजे उजव्या हाताने ढवळताना ते भांड्याच्या बुडाला नीट टेकतं. मी जन्मापासून डावरी.

शाळेत डाव्या हातात पेन्सिल धरली की बोटांवर पट्टी बसायची, म्हणून उजव्याने लिहायला शिकले. लग्न होऊन इथे आल्यावर पहिल्याच पंगतीत डाव्या हाताने भाजी वाढली. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, हळूच जवळ येऊन म्हणाल्या, "त्या हातानं न्हाई गं वाढायचं." रागावून नाही, नव्या सुनेला घरची रीत सांगावी तसं. मी पळी उजव्या हातात घेतली, ती घेतलीच. घरी ब्लाउज शिवते, तर कात्रीसुद्धा उजव्यानेच चालवते. डावा हात कापड धरायला. घोटताना मात्र उजवा हात अजून भरून येतो, म्हणून या वेळी चाटू तरी डाव्यासाठी हवा होता.

गल्लीच्या तोंडाशी एका चाचांचं सुतारकामाचं दुकान आहे. मोडलेला चाटू घेऊन त्यांच्याकडे गेले.

"चाचा, असा एक करून द्या. पण टोक उलट्या बाजूनं तिरकं पाहिजे."

त्यांनी तुकडे उलटेपालटे करून पाहिले. "ताई, लग्नसराई है. पलंग अर्धे पडलेत. याला टाईम कुठून काढू?" मग माझं तोंड उतरलेलं पाहून म्हणाले, "तुम्हीच का करत न्हाई? बसा इथं सावलीत. औजार मी देतो."

मी हसले. पण चाचा खरंच औजार शोधायला लागले होते, तेव्हा हसू आवरलं आणि बसले.

तारांना लागणारी कडुलिंबाची फांदी वायरमनने नुकतीच तोडली होती. तिचा एक तुकडा चाचांनी मधोमध चिरून दिला. ओलं लाकूड मऊ असतं, शिकणाऱ्याला बरं, असं ते म्हणाले. "पण भाजी कडू लागंल ना?" मी विचारलं. "सुकवून, धुऊन, तेल पाजलं की बिलकुल न्हाई."

दुपारी शिवणकाम बाजूला ठेवून मी तिथे जाऊन बसू लागले. कागदावर काढलेला आकार लाकडावर उतरवणं सोपं होतं. पुढे मात्र काही जमेना. चाचा पटाशी चालवायचे तेव्हा पातळ, गुंडाळलेली साल निघायची. मी चालवली की लाकूड उचकटून यायचं, जसं कोणी दातांनी कुरतडलंय. एकदा पटाशी सटकली आणि अंगठ्यात घुसली.

अंगठ्याला चिंधी गुंडाळून घरी आले तर आत्याबाई दारातच उभ्या. "सुताराच्या दुकानात बसून काय करून राह्यली तू?"

"चाटू करते, आत्याबाई."

"बाजारात मिळत न्हाई का?"

"माझ्या हाताला बसणारा न्हाई मिळत."

त्यांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, आत जाऊन हळद आणली आणि स्वतः लावली. जाऊ नको असं म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी चाचा हातातला रंधा थांबवून बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "ताई, तुम्ही डावऱ्या है ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"लाकूड खाली पडलं तर डाव्यानं उचलता. घाम डाव्यानं पुसता. मंग औजारच उजव्यात कशाला?"

मी पटाशी डाव्या हातात घेतली. आधी भीती वाटली, कारण इतक्या वर्षांत त्या हाताने कुठल्याच कामात पुढाकार घेतला नव्हता. चाचांनी सांगितल्याप्रमाणे रुंद बाजूकडून दांड्याकडे, लाकडाच्या रेषेबरोबर पटाशी ढकलली. आणि साल निघाली. पातळ, लांब, शेवटी गोल वळलेली. ती मी हातात धरून बसले. चाचा आपल्या कामाला लागले होते, आणि ते बरंच झालं, कारण माझे डोळे भरून आले होते.

तो चाटू पूर्ण झाला आणि मी उत्साहाने पत्र्यावर उन्हात ठेवला. संध्याकाळपर्यंत मधोमध चिरला होता. "जालन्याचं ऊन आणि ओलं लाकूड," चाचा कपाळाला हात लावून म्हणाले. "सावलीत, भुशात ठेवायचं असतं." मी दुसरा तुकडा मागितला. या वेळी दांडा कोपरापर्यंत लांब ठेवला. चाचा म्हणाले, "हे काय, कुदळीचा दांडा है का?" पण मोठ्या भांड्यातही चालावा म्हणून मला तसाच हवा होता. तो चाटू भुशाच्या पोत्यात सुकला, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत झाला, शेंगदाण्याचं तेल प्यायला आणि मधासारख्या रंगाचा झाला.

बुद्ध पौर्णिमेला आमच्या विहाराच्या अंगणात सगळ्या वस्तीची खीर असते. सकाळी मोठं पातेलं चुलीवर चढलं. लोखंडी उलथन्याने ढवळता ढवळता दूध बुडाला धरायला लागलं, आणि उलथन्याने खरवडलं की काळे कण वर येऊ लागले. बायका घाबरल्या. खीर लागली तर एवढ्या लोकांना काय वाढायचं?

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "जा, पळ. तुझा चाटू आण."

मी धावतच घरी गेले आणि आले. चुलीसमोर उभी राहिले, आणि इतक्या बायका बघताहेत म्हणून चाटू सवयीने उजव्या हातात धरला. टोक बुडाला टेकेना.

"अगं, डाव्या हातात घे," आत्याबाई मोठ्याने म्हणाल्या. "तुझा हात तो हाय ना?"

मी हात बदलला. तिरकं टोक पातेल्याच्या बुडाला सपाट बसलं. खालचा धरलेला थर न खरवडता मी वरचं दूध सरकवत राहिले, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. काळे कण येणं थांबलं. खीर दाटली, वेलचीचा वास सुटला. दोघीचौघी म्हणाल्या, दमली असशील, दे आम्हाला. मी दिला नाही.

घनसावंगीहून आलेल्या एका पाहुणीने विचारलं, "डाव्या हातानं खीर?"

मी काही बोलायच्या आतच आत्याबाई म्हणाल्या, "डावरी हाय ती. आन् हा चाटू बी तिनंच केलाय, लाकूड कोरून. आमच्या घरात आजवर कोनी सुतारकाम केलं न्हाई. हिनं केलं." असं म्हणताना त्यांनी पदर सावरला. एखाद्या कार्यक्रमात बक्षीस घ्यायला उठताना बाई सावरते तसा.

जेवायला चाचाही आले होते. खीर खाऊन झाल्यावर त्यांनी चाटू मागून घेतला आणि उजेडाकडे धरून पाहिला. "ह्या बाजूला जाड राहिलाय."

"माहितीय," मी म्हणाले. "पुढच्यात बराबर करीन."

पुढचा करायचाय हे तोंडातून निघेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. आता शेजारणीसाठी एक करतेय, उजव्या हाताचा, आणि तो मला जास्त अवघड जातोय. मागच्या महिन्यात जालन्याला गेले तेव्हा स्वतःसाठी पटाशी विकत घेऊन आले.