न मोजलेले दोन बुश

माझी पुतणी विमानाची इंजिनियर झाली आणि हैदराबादजवळच्या एका कारखान्यात तिला नोकरी लागली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला असेल असं घरात सगळ्यांना वाटलं. कारण घराण्यात हे शिक्षण आधी मीच घेतलं होतं. भाऊ तिला लहानपणापासून म्हणायचा, काकासारखी हो. ते कानावर आलं की मी उठून आत जायचो.

माझीही पहिली नोकरी अशाच एका कारखान्यातली. तयार झालेले भाग मोजून पाहायचे, हे माझं काम. तिथं तपासणाऱ्या प्रत्येकाला एक शिक्का मिळतो, त्यावर त्याचा आकडा असतो. डब्याच्या चिठ्ठीवर तो शिक्का उमटला, की आतला प्रत्येक भाग त्या माणसानं स्वतः मोजला असा अर्थ. शिक्का दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आमचा इन्चार्ज निर्मल गावचा, म्हणजे माझ्या जैनथसारखाच आदिलाबादकडचा होता. कारखाना तेलुगू-हिंदीत चालायचा. फक्त त्याच्याशी मला घरच्यासारखं बोलता यायचं. त्या दुपारी माझ्यापुढं ट्रेभर बुश होते. बोटाच्या पेराएवढी धातूची नळकांडी, विमानाची चाकं ज्या सांध्यात दुमडतात तिथं बसणारी. दोन मोजायचे राहिले होते. तो आला आणि बोलतच राहिला. गाडी खोळंबली, वरून फोन येऊन राह्यले, तुमी जैनथची माणसं म्हंजे उन्हाळ्यातल्या पेनगंगेवानी, हलतच नाई. मी हसत होतो, मान डोलवत होतो. मग त्याच सुरात त्यानं विचारलं, "सारे मोजले ना बे?"

"हाव," मी म्हणालो.

आमच्याकडं हाव म्हणजे होय. पण मोठं माणूस बोलत असताना मधूनमधूनही हाव म्हणायचं असतं, आपण ऐकतोय हे त्याला कळावं म्हणून. तेव्हापर्यंत मी सात-आठ वेळा तरी म्हणालो असेन. हेही त्यातलंच एक, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. त्यानं टेबलावरचा माझा शिक्का उचलला आणि चिठ्ठीवर उमटवला. थांबा भाऊ, एवढंच म्हणायचं होतं. पण नोकरी कच्ची होती, आणि त्या शहरात माझ्या भाषेत बोलणारा तो एकच माणूस होता. डबा गेला.

उद्या सांगू म्हटलं. मग सोमवारी. काही महिन्यांनी, आई आजारी आहे असं लिहून देऊन मी नोकरी सोडली. घरी आलो तेव्हा आई अंगणात गहू निवडत होती, ठणठणीत. तेव्हापासून आदिलाबादला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. त्या दोन बुशांबद्दल कधी काही ऐकू आलं नाही. बहुधा चांगलेच असतील. तरी शिकवताना वरून विमानाचा आवाज आला, की तो विरेपर्यंत माझा खडू फळ्यावर थांबतो. पोरांना वाटतं, सरांना जुने दिवस आठवले.

पुतणी निघाली त्या दिवशी बसस्टँडवर मी तिला हे सगळं सांगितलं. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

"ते दोन खराब होते का, काका?"

"माहीत नाही."

"मंग इतकी वर्षं काऊन घाबरून राह्यले तुमी?"

"माहीत नाही म्हणूनच."

बस लागली. तिची बॅग वर चढवून मी खिडकीशी गेलो आणि म्हणालो, न मोजता कोणाला हाव म्हणू नको. ती मोबाईलवर सीटचा नंबर पाहत होती. "हाव, काका," म्हणाली.

काल तिचा फोन आला. शिक्का मिळाला, म्हणाली. मागं यंत्रांचा आवाज होता, कोणीतरी घाई करत होतं. मी पुन्हा तेच सांगू लागलो. शिक्का खिशात ठेव, टेबलावर नको. पलीकडून मधूनमधून येत होतं, हाव, हाव.

मी मध्येच गप्प झालो. त्यानंतरही आणखी एकदा हाव ऐकू आलं.